वजा केलेल्या बरगड्या

दत्ता मोगलने पहिला घाव घातला तो व्हॅनच्या पुढच्या काचेवर, आणि दुसरा सलीमभाईंच्या हातावर.

सकाळचे साडेदहा वाजले होते. तारसावंगीच्या जिनिंगच्या आवारात छातीतपासणीची व्हॅन उभी होती आणि कापूस निवडणाऱ्या बायकांची रांग गेटपर्यंत गेली होती. आत तंत्रज्ञ पल्लवी तौर एका म्हातारीचे खांदे यंत्राच्या पाटीला टेकवत होती. श्वास घेऊन धरून ठेवा असं तिने म्हातारीला सांगितलं, बटणाकडे हात नेला, आणि बाहेर काच फुटली. सलीमभाई म्हणजे व्हॅनचे चालक, साठीला टेकलेला मऊ बोलण्याचा माणूस. ते हात जोडत पुढे झाले. दत्ताने लोखंडी गज त्या जोडलेल्या हातांवरच उतरवला. चौदा वर्षांच्या नोकरीत पल्लवीने मोडलेली हाडं पडद्यावर हजारोंनी पाहिली होती. दुसऱ्याचं हाड मोडतानाचा आवाज मात्र तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मग तो आत चढला. त्याने तिची वेणी हाताला गुंडाळली आणि तिचं डोकं पत्र्यावर आपटलं. एकदा, दोनदा.

"आमच्या घरातलं तुला कुणी विचारलं होतं?" तो म्हणाला. तो ओरडत नव्हता. खरोखरच उत्तर हवं असल्यासारखा तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

तिसऱ्यांदा आपटायच्या आत चार हमालांनी त्याला कमरेला धरून खाली ओढला आणि मातीत पाडून तुडवला. त्याची बायको रुक्मिण गर्दीत मागे उभी होती. तिचा एक डोळा सुजून मिटला होता आणि तोंडात पदराचा बोळा होता. ती ना नवऱ्याला सोडवायला पुढे आली, ना पल्लवीला. पोलीस येईतो रांग विरघळून गेली होती. व्हॅनमध्ये फक्त ती म्हातारी उरली होती, पाटीला छाती लावून, अजून श्वास धरल्यासारखी.

हे सगळं ज्या यंत्रामुळे झालं, ते मुळात बरगड्यांसाठी बनवलेलंच नव्हतं.

छातीचा एक्स-रे म्हणजे सावल्यांचं चित्र. हवेने भरलेलं फुप्फुस काळं दिसतं, हाड पांढरं, आणि हृदय मध्यभागी डावीकडे कललेल्या पिशवीसारखं करड्या रंगात. क्षय झाला की फुप्फुसाच्या वरच्या भागात धुरकट ठिपके उमटतात. न्यूमोनियात एखादा कप्पाच पांढरा होतो. फुप्फुसाच्या तळाशी, कडेला, सुरीच्या टोकासारखा एक अणकुचीदार कोपरा असतो. पाणी साठलं की तो आधी बोथट होतो. आणि हृदयाची रुंदी छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त भरली, तर ते हृदय थकून फुगलेलं आहे हे समजायला फार शिकलेला माणूस लागत नाही. कोट्यवधी चित्रं दाखवून यंत्राला हे सगळं शिकवलं गेलं होतं. ज्या तालुक्यात क्ष-किरणांचा एकही डॉक्टर नव्हता, तिथेही २०४३ सालापर्यंत चार सेकंदांत, जुन्या एक्स-रेच्या विसाव्या हिश्श्याच्या किरणांत, निदान पडद्यावर उमटू लागलं होतं.

अडचण एकच होती. बरगड्या मध्ये येत. त्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांखाली क्षयाचा लहानसा डाग लपून जाई. म्हणून यंत्र आधी बरगड्या ओळखायचं, चित्रातून वजा करायचं, आणि उरलेलं फुप्फुस वाचायचं. कितीतरी वर्षं असंच चाललं. वजा केलेल्या बरगड्यांचं चित्र कुठेतरी साठत राहिलं, कुणी उघडून पाहिलं नाही. मग हाडांवर काम करणाऱ्या एका बाईने ते उघडलं. मोडलेलं हाड जुळून येताना त्याच्याभोवती नव्या हाडाची गाठ धरते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती कापसासारखी विरळ असते, मग घट्ट होते, मग वर्ष-दीड वर्षात झिजत झिजत सपाट होते, पण पुसून जात नाही. ज्यांच्या अपघाताची तारीख ठाऊक आहे अशा लाखभर माणसांच्या बरगड्यांवरून यंत्र त्या गाठींचं वय काढायला शिकलं. गाडीवरून पडलेल्या माणसाच्या चार बरगड्या मोडतात, पण सगळ्या एकाच वयाच्या असतात. ज्यांच्या बरगड्या वेगवेगळ्या वयाच्या निघाल्या त्या बहुतेक सगळ्या बायका होत्या. आणि मोड बहुधा डाव्या कुशीत होती, म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाचा उजवा हात जिथे पोचतो तिथे.

त्या वर्षीच्या जूनपासून नियम झाला. दोन किंवा अधिक वयांची मोड दिसली की पडद्यावर तांबडी चौकट यायची आणि यंत्र तंत्रज्ञाला विचारायचं : कारण माहीत आहे का? वाहन-अपघात, पडणे, माहीत नाही. तंत्रज्ञाने स्वतःच्या क्रमांकानिशी पहिल्या दोनांपैकी एक निवडलं तर प्रकरण तिथेच मिटायचं. 'माहीत नाही' निवडलं की अहवाल त्याच दिवशी पोलिसांकडे. रुक्मिणच्या वेळी पल्लवीने 'माहीत नाही' निवडलं होतं, कारण तेच खरं होतं. पोलिसांनी दत्ताला दोन दिवस ठेवलं आणि सोडून दिलं. पुढचं त्याने केलं.

डोक्याला सहा टाके घालून पल्लवी आठवड्याने कामावर आली. सलीमभाई हात गळ्यात अडकवून आले. चालवायचं काम गाडी स्वतःच करत होती, त्यांनी फक्त बसायचं होतं. पण बायका येईनाशा झाल्या. दिवसाला ऐंशी यायच्या तिथे नऊ आल्या, मग पाच. कुठे नवरे सोडत नव्हते, कुठे सासवा, आणि कितीतरी जणी स्वतःच रस्ता बदलून जात होत्या. क्षय मात्र थांबला नव्हता. दत्ताच्या दिवशी रांगेतून पळालेली एकोणीस वर्षांची एक मुलगी दीड महिन्याने रक्त ओकत तालुक्याच्या दवाखान्यात आली आणि तिसऱ्या दिवशी गेली.

पल्लवी डॉ. इंगोल्यांकडे गेली. तालुक्याच्या आरोग्य अधिकारी, पन्नाशीच्या, स्पष्ट बोलणाऱ्या बाई. बरगड्यांचं वाचन बंद करता येईल का, असं पल्लवीने विचारलं. इंगोले म्हणाल्या की ते त्यांच्या हातात नाही. आणि असतं तरी चित्र काढायचं आणि अर्धंच वाचायचं हे कुणाच्या तोंडावर सांगायचं, त्या मुलीच्या की रुक्मिणच्या? चहा निवून गेला.

पल्लवी राहायची भावाकडे.

कैलास तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, त्याच जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसवर मुकादम. वडील लवकर गेले तेव्हा त्याने शाळा सोडली आणि हिला शिकवलं. अकरा वर्षांपूर्वी पल्लवीच्या नवऱ्याने तिला लाथांनी तुडवून गोठ्यात कोंडलं होतं. कुणीतरी कळवलं आणि कैलास मोटारसायकल घेऊन एकटा गेला. त्याने मेव्हण्याला घरातून फरपटत ओट्यावर आणला आणि त्याचा जबडा मोडेपर्यंत मारला. सासरा आडवा आला, त्यालाही मारलं. मग बहिणीला मागे बसवून घरी आणलं. खड्ड्यांच्या रस्त्यावर दर हिसक्याला तिच्या छातीत सुरी फिरत होती, आणि भावाच्या पाठीला गाल लावून बसलेल्या तिला वाटत होतं, या पाठीमागे आपल्याला कुणी हात लावू शकत नाही.

ते खरंही होतं. त्या घरात तिला कुणी हात लावला नव्हता.

कैलासची बायको संजीवनी. कमी बोलणारी, हाताला वेग असलेली बाई. दोनदा दिवस राहिले होते, दोन्हीदा राहिलं नाही. घराला दोन खोल्या, मध्ये एक विटांची भिंत. भिंतीपलीकडून कधीकधी भांडं आपटल्याचा आवाज यायचा, कधी नुसतं काहीतरी जड पडल्याचा. अशा वेळी पल्लवी बातम्यांचा आवाज वाढवायची. दुसऱ्या दिवशी संजीवनी भाकरी थापताना डावा हात अंगाशी धरून असायची. पल्लवी विचारायची, काय झालं वहिनी. ती म्हणायची, काही नाही. आणि ते दोघींनाही पुरायचं.

त्या हिवाळ्यात संजीवनीला धाप लागू लागली. हौदावरून घागर आणताना ती तीनदा बसायची. पाय सुजायचे. जिनिंगच्या धुळीने असेल, नाहीतर क्षय असेल, असं पल्लवीला वाटलं. एका दुपारी कैलास प्रेसवर असताना तिने वहिनीला व्हॅनमध्ये नेलं. रांग नव्हतीच.

चार सेकंदांनी चित्र आलं. फुप्फुसाचे वरचे भाग स्वच्छ होते. पण दोन्ही तळांचे कोपरे बोथट, आणि हृदय छातीच्या निम्म्याहून खूप जास्त, डाव्या कडेला फुगून आलेलं. यंत्राने लिहिलं : झडप आखडल्याची शक्यता दाट, फुप्फुसांत पाणी, आठवड्याच्या आत जिल्हा रुग्णालय. लहानपणी घसा धरून, सांधे दुखून ताप आलेला असतो, तो हृदयाच्या झडपेवर व्रण ठेवून जातो. ऑपरेशनने बरं होण्यासारखं दुखणं. पल्लवीचा जीव क्षणभर भांड्यात पडला.

मग तांबडी चौकट आली. बरगड्या सात. डावीकडे पाच, उजवीकडे दोन. सर्वांत जुनी मोड सुमारे चार वर्षांची, दुसरी चौदा महिन्यांची, शेवटच्या दोन मोडी, तीन ते पाच आठवड्यांच्या.

पल्लवीने आठवडे मोजले. सहा आठवड्यांपूर्वी कैलासने बहिणीला वाढदिवसाची साडी आणली होती. त्यानंतर एका संध्याकाळी पलीकडे काहीतरी पडलं होतं, आणि तिने आवाज वाढवला होता.

संजीवनी पाटीजवळून वळली. पडद्यावरच्या पांढऱ्या रेघा तिला वाचता येत नव्हत्या, पण पल्लवीचा चेहरा येत होता.

"आत्ता दिसलं व्हय, वन्सं?" ती म्हणाली.

पल्लवीने तिचं पोलकं पुढे केलं.

"भिंत काय लई जाड न्हाई," संजीवनी म्हणाली आणि पोलक्याची बटणं लावू लागली.

पल्लवीने तिला खाली बसवलं आणि हृदयाचं सगळं समजावलं. बरगड्यांचंही सांगितलं, चौकटीचं, पोलिसांचं. काय करू, असं विचारलं मात्र नाही. ते विचारायचं धैर्य नव्हतं असं तिने पुढे कबूल केलं. त्या क्षणी तिने स्वतःला समजावलं ते वेगळं. अहवाल गेला तर दादाला दोन दिवस नेतील आणि सोडतील. रुक्मिणचा डोळा तिने पाहिला होता. त्यापेक्षा आधी हृदय. दादाला गोडीत घ्यायचं, जिल्ह्याला न्यायचं, ऑपरेशन होऊ द्यायचं, मग बघता येईल. हे हिशेबाने बरोबर होतं. आणि त्या हिशेबाच्या खाली मोटारसायकलवरची ती पाठ होती.

तिने 'पडणे' निवडलं आणि आपला क्रमांक घातला. चौकट मिटली. संजीवनी बघत होती.

रुग्णालयाची तारीख कुटुंबप्रमुखाच्या फोनवर जाते, हे पल्लवीच्या लक्षातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो संदेश कैलासच्या फोनवर आला. प्रेसवर चौघांसमोर फोनने तो मोठ्याने वाचूनही दाखवला. छातीतपासणी म्हटल्यावर कुणीतरी हसलं, आणि म्हणालं, मुकादम, आता तुमचाही नंबर. कैलास हातमोजे न काढताच घरी निघाला.

पल्लवी त्याच वेळी जेवायला घरी येत होती. सलीमभाईंनी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबवली. दारातूनच तिला दिसलं. संजीवनी चुलीच्या ओट्याखाली कोपऱ्यात दुमडून बसली होती, डोक्यावर दोन्ही हात घेऊन, आणि कैलास तिला लाथ घालत होता. घाईने नाही. एक घालायचा, थांबायचा, विचारायचा, कुणाला विचारून गेलीस, आणि दुसरी घालायचा. तिच्या नाकातून आलेलं रक्त ओट्याच्या फरशीवर बोटांनी ओढल्यासारखं पसरलं होतं.

"दादा, तिच्या काळजाला आजार आहे," पल्लवी म्हणाली. "मरेल ती."

तो ऐकत नव्हता. तिने त्याला मागून मिठी घातली. त्याने न वळता कोपर मारलं. ती मागे जाऊन लोखंडी पलंगाच्या कडेवर कुशीने आदळली आणि आत काहीतरी मोडलं. तो वळला. एक क्षण वाटलं की आपण कुणाला मारलं हे त्याला कळलं आहे. मग त्याने तिच्या थोबाडीत मारली, हातमोज्यासकट, आणि म्हणाला, "माझ्या घरात राहून माझ्यावर चित्रं काढतेस."

तो परत कोपऱ्याकडे वळला. त्याने संजीवनीला दंडाला धरून उभं केलं आणि छातीच्या मधोमध बुक्की मारली. ती आवाज न करता खाली बसली आणि मग आडवी झाली.

पल्लवीच्या हाताला खलबत्त्यातला लोखंडी बत्ता आला. तिने तो दोन्ही हातांनी धरून भावाच्या गुडघ्यावर मारला. वाटी फुटली. तो खाली आला, तेव्हा तिने परत मारला, त्याच जागी, आणि आणखी एकदा. तो तिसरा घाव घालायची गरज नव्हती हे तिला मारतानाही ठाऊक होतं. कैलास गुरासारखा ओरडत राहिला.

संजीवनी श्वास घेत नव्हती.

नाटक करते, असं कैलास जमिनीवरून म्हणत होता. पल्लवीने वहिनीच्या मानेवर बोटं ठेवली. काही नव्हतं. ठोक्याच्या नेमक्या क्षणी छातीवर मार बसला तर हृदयाची लय तुटते आणि ते नुसतं थरथरत राहतं. थकून फुगलेलं हृदय तर त्या काठावर टेकलेलंच असतं. तिने सलीमभाईंना हाक मारली, गाडीतली झटक्याची पेटी आणा. मग ती गुडघ्यांवर बसली, तळहात संजीवनीच्या छातीच्या हाडावर ठेवले आणि दाबायला लागली.

त्या छातीतली प्रत्येक मोड तिला पाठ होती. कुठली चार वर्षांची, कुठली पाच आठवड्यांची. मिनिटाला शंभर वेळा, दोन इंच खोल. पंधराव्या-सोळाव्या दाबाला पुढच्या बाजूची एक बरगडी तिच्या हाताखाली मोडली. तिने ती मोडताना ऐकली आणि दाबणं थांबवलं नाही. मग दुसरी मोडली. तिच्या स्वतःच्या कुशीतून दर दाबाला कळ मस्तकात जात होती. मागे कैलास आता रडत होता, पल्ले, पल्ले, म्हणत होता.

सलीमभाई प्लास्टरमधल्या हाताखाली पेटी दाबून धावत आले. पेटीने दूर व्हायला सांगितलं, झटका दिला. संजीवनीचं अंग उचललं आणि पडलं. परत दाब. दुसऱ्या झटक्याला तिच्या घशातून एक घोगरा आवाज निघाला आणि मानेवर पल्लवीच्या बोटांना, चाचपडत, एक ठोका लागला.

जिल्हा रुग्णालयात तिघांनाही दाखल केलं. पल्लवीच्या छातीचं चित्र तालुक्याहून आलेल्या डॉ. इंगोल्यांनी स्वतः उभं राहून काढून घेतलं. यंत्राने डावी नववी बरगडी ताजी मोडलेली दाखवली, आणि उजवीकडे दोन, सुमारे अकरा वर्षांच्या. तांबडी चौकट आली. कारण माहीत आहे का?

इंगोल्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"दोन नवऱ्यानं," पल्लवी म्हणाली. "एक भावानं."

दुसऱ्या दिवशी महिला उपनिरीक्षक गव्हाणे जबाब घ्यायला आल्या. पल्लवीपेक्षाही लहान, रात्रभर न झोपलेल्या दिसत होत्या. त्यांनी सांगितलं की कैलासने आपला जबाब आधीच दिला आहे. बायको मोरीत घसरून पडली. बरगड्या बहिणीने छाती दाबून मोडल्या. आणि जुन्या मोडींचं विचाराल, तर बायको नेहमीच पडते, माझ्या बहिणीनेच तीन दिवसांपूर्वी सरकारी यंत्रावर तसं लिहून दिलंय. गव्हाण्यांनी नोंद काढून पाहिली होती. तशीच होती. तिच्यावर पल्लवीचा क्रमांक होता.

"तुमच्या वहिनी आयसीयूतून बोलतील तेव्हा बोलतील," गव्हाणे म्हणाल्या. "तोवर ही एकच नोंद आहे, आणि ती तुमच्या भावाच्या बाजूची आहे."

पल्लवीने थोडा वेळ मागितला. ती उठली, कूस धरून पुरुषांच्या वॉर्डापर्यंत गेली. दारात शिपाई बसला होता. कैलासचा पाय वजनाने वर टांगला होता, चेहरा दाढीने काळवंडला होता. तो तिला बघून उठायला लागला आणि कळवळून परत पडला.

"पल्ले," तो म्हणाला, "तुला आणायला मी आलो होतो. इसरलीस?"

"नाही," ती म्हणाली. "तू आला होतास. तिला आणायला कुणी आलं नाही, दादा. मी भिंतीपलीकडंच होते, मी पण नाही."

तो रडायला लागला. त्याच्या कपाळावर हात ठेवावा असं तिला वाटलं, इतकं वाटलं की तिने तो हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला. मग ती परत आली.

जबाब द्यायला तास लागला. बरगड्यांचं तिने गव्हाण्यांना चित्र लावून दाखवलं. छाती दाबताना हाडं मोडतात ती पुढच्या बाजूला, छातीच्या हाडालगत. या दोन मोडी माझ्या हातच्या. लाथेने मोडतात ती कुशीत आणि पाठीकडे; या तीन कालच्या, माझ्या नाहीत. आणि त्या जुन्या सात. मग ती नोंदीवर आली. ती नोंद खोटी आहे, ती म्हणाली. मला माहीत होतं आणि मी 'पडणे' लिहिलं. आणि गुडघ्यावर तीन वेळा मारलं, एकदा पुरलं असतं, तेही लिहा.

गव्हाण्यांनी लिहिणं थांबवून विचारलं की याचा अर्थ काय होतो ते ठाऊक आहे ना. खोट्या नोंदीला परवाना जातो, गुन्हाही लागतो. पल्लवीने ठाऊक असल्याचं सांगितलं. गव्हाणे मग सहज, जबाबाबाहेरचं विचारल्यासारखं म्हणाल्या, हे यंत्र बंद करावं की नाही, तुम्हाला काय वाटतं?

"चालू ठेवा," पल्लवी म्हणाली. "पण आधी तिला दाखवा. तिच्या हातात द्या. मी तिला विचारलंच नाही. तुम्हीही रुक्मिणला विचारलं नव्हतं."

गव्हाण्यांनी हे लिहिलं की नाही ते पल्लवीला दिसलं नाही.

परवाना आठवड्यातच गेला. कैलासची रवानगी रुग्णालयातून थेट कोठडीत झाली. भावकीतली माणसं येऊन व्हरांड्यात उभी राहिली आणि सख्ख्या भावाला लंगडा केला, आत घातला, असं पल्लवीला ऐकू जाईल इतपत बोलून गेली. व्हॅनवर नवी तंत्रज्ञ आली. सलीमभाई सांगत होते की रांग अजून तेवढीच आहे, पाच, कधी सहा. एका दिवशी रुक्मिण आली होती म्हणे. पुन्हा काढा म्हणाली, आणि या वेळेचा कागद माझ्याकडं द्या म्हणाली.

संजीवनीला शुद्ध आली, बोलता येऊ लागलं, आणि तिने आपला जबाब स्वतः दिला, सगळा, चार वर्षांचा. पल्लवीशी मात्र ती नऊ दिवस बोलली नाही. पल्लवी रोज यायची, उशाचं पाणी बदलायची, पायांना तेल लावायची. संजीवनी छताकडे बघायची. पाय ओढून घेत नसे, एवढंच.

दहाव्या दिवशी झडपेच्या ऑपरेशनची संमती घ्यायला सिस्टर कागद घेऊन आली. जोखीम मोठी आहे, हृदय थकलेलं आहे, असं तिने सांगितलं, आणि सवयीने विचारलं की नवरा किंवा जवळचं कुणी आहे का सहीला. खुर्चीवरून पल्लवी अर्धवट उठली.

"ही नणंद हाय माझी," संजीवनी म्हणाली. तिने पट्ट्या बांधलेल्या छातीवर हात धरून, धाप लागत, स्वतःला उशीवर वर ओढलं आणि पेनसाठी हात पुढे केला. "सही मी करते."

तिने नाव लिहायला बराच वेळ घेतला. फक्त संजीवनी लिहिलं, पुढे काही नाही, आणि कागद परत दिला. सिस्टरने मग पल्लवीला सांगितलं की आता बाहेर थांबावं लागेल, छातीच्या पट्ट्या सोडून पेशंटला तयार करायचं आहे. पल्लवी दाराकडे निघाली.

"राहू द्या त्यास्नी," मागून संजीवनी म्हणाली. "बघू द्या."